कल्हई, कळंक आणि कनेक्टर

रेडिओवर चालणाऱ्या हेलिकॉप्टरच्या बॅटरीला कोणता कनेक्टर लावावा, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एका आकड्यात मिळतं. साठ अँपिअरचा घ्या, नव्वदचा घ्या, दीडशेचा परवडत असेल तर प्रश्नच मिटला. विकणाऱ्याला हे सोयीचं आहे, कारण आकडा छापता येतो. गोव्याच्या मुरगाव तालुक्यात मात्र एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला जुवारीचं मुख आणि जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरणारा ओलावा. तिथे हा छापील आकडा फार थोडं सांगतो. कनेक्टर निवडणं हा या सगळ्या कामातला सोपा आणि शेवटचा भाग आहे, असं माझं मत आहे. हेलिकॉप्टर हवेत राहतं ते वायर आणि पिन यांच्यामधल्या डाकावर, आणि तो डाक व ती पिन खाऱ्या हवेत कशी राखली जाते यावर. ज्याला आपल्या हाताने चांगला झाळता येतो तोच कनेक्टर चांगला. हे विधान ऐकायला मोघम वाटेल, पण ते मोजून दाखवता येतं.

आधी हेलिकॉप्टरच का, विमान का नाही, ते पाहू. सातशेच्या वर्गातलं इलेक्ट्रिक हेलिकॉप्टर म्हणजे सुमारे ७०० मिलिमीटर लांबीची दोन पाती, दीड मीटरहून थोडा जास्त व्यासाचा चक्राकार फेरा आणि मिनिटाला २००० च्या आसपास फेरे. पात्याच्या टोकाचा वेग यातून काढला तर तो सेकंदाला १६५ मीटरच्या घरात, म्हणजे ताशी सहाशे किलोमीटरच्या जवळ जातो. २०१३ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एक १९ वर्षांचा सराईत उडवणारा स्वतःच्याच अशा हेलिकॉप्टरचं पातं लागून मरण पावला. हे खेळणं नाही, एवढं त्यावरून लक्षात यावं. मोटर बंद पडली तरी कुशल माणूस फिरत्या पात्यांच्या साठलेल्या गतीवर हेलिकॉप्टर सुखरूप खाली आणू शकतो. खऱ्या हेलिकॉप्टरचे वैमानिकही संकटात हेच करतात. पण त्यासाठी रिसीव्हर आणि सर्व्हो जिवंत हवेत. पुष्कळ लहान-मध्यम मॉडेलांत रिसीव्हरची वीजही त्याच मुख्य बॅटरीतून, ईएससीमधल्या (मोटरचा वेग राखणाऱ्या सर्किटमधल्या) बीईसीमार्फत, म्हणजे व्होल्टेज उतरवणाऱ्या भागामार्फत येते. म्हणजे मुख्य कनेक्टरचा एक डाक सुटला की मोटर जाते, सुकाणू जातं आणि वाचवण्याची शेवटची युक्तीही जाते. म्हणूनच मोठ्या वर्गात रिसीव्हरसाठी वेगळी छोटी बॅटरी ठेवण्याची पद्धत आहे आणि ती शहाणपणाची आहे. ती नसेल तेव्हा अख्खं यंत्र दोन वायरींच्या टोकांवर लटकलेलं असतं.

या टोकांतून किती प्रवाह जातो, हे घरच्या गणितात निघतं. ४५० च्या वर्गात तीन सेलचा २२०० मिलिअँपिअर-तासांचा पॅक असतो. त्यातला ८० टक्के साठा सहा मिनिटांत वापरला तर सरासरी १८ अँपिअरच्या आसपास येते. सातशेच्या वर्गात सहा सेलचे दोन पॅक एकापुढे एक जोडून बारा सेल करतात. ५००० मिलिअँपिअर-तासांपैकी ८० टक्के पाच मिनिटांत संपवले तर सरासरी ४८ अँपिअर. कसरतीत क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. आता एक्सटी-६० या पिवळ्या कनेक्टरचा संपर्क-रोध साधारण अर्धा मिलिओहम धरा. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, या शाळेतल्या सूत्राने ४८ अँपिअरला प्रत्येक पिनेत सव्वा वॅटही उष्णता होत नाही. हात लावला तर कोमट. पण त्याच पिनेमागचा डाक कच्चा राहिला, वायरीचे निम्मेच तंतू धरले गेले आणि रोध पाच मिलिओहम झाला, तर तिथे साडेअकरा वॅट जळतात. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे कच्चा डाक हे त्याच कनेक्टरात बसवलेलं जवळजवळ अर्धं सोल्डरिंग आयर्न आहे, आणि ते उड्डाणभर चालू असतं. ६३-३७ चं, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं. बाकीचं सांगायला नको.

याच गणिताची दुसरी बाजू दुकानदार सांगत नाहीत. बारा गेजच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला ५ मिलिओहमच्या थोडा वर असतो, म्हणजे अर्धा मिलिओहम म्हणजे जेमतेम दहा सेंटिमीटर वायर. एक्सटी-६० ऐवजी एक्सटी-९० लावून पिनेमागे जे दोन दशांश मिलिओहम वाचतात, तेवढे वायर चार सेंटिमीटर आखूड करूनही वाचतात. निरोगी सहा-सेल पॅकचा स्वतःचा अंतर्गत रोधच दहा-पंधरा मिलिओहम असतो आणि जुन्या पॅकचा त्याच्या दुप्पट होतो. मोठा कनेक्टर लावल्याने हेलिकॉप्टरला ‘दम’ येतो, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. दम येतो तो बहुधा कनेक्टर बदलताना जुना कच्चा डाक गेल्यामुळे.

आता बाजारातल्या जातींकडे. निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातला पांढरा तामिया कनेक्टर आता संग्रहात ठेवण्याच्या लायकीचा आहे. त्याची पत्र्याची नळीसारखी पिन वीस अँपिअरलाच कुरकुरते. अमेरिकन डीन्स कंपनीचा टी-आकाराचा लाल ‘अल्ट्रा’ कनेक्टर बराच काळ छंदी लोकांचा मानदंड होता. सपाट पात्या, मागे स्प्रिंग, आकार छोटा. त्याचं दुखणं दोन ठिकाणी आहे. वायर ज्यावर झाळायची ती पाती उघडी आणि सपाट, त्यामुळे डाकाला पोट नाही. आणि त्याच्या स्वस्त नकलांचं प्लास्टिक सोल्डरच्या उष्णतेनेच बसतं आणि पात्या तिरक्या होतात. नंतर ई-फ्लाइटच्या निळ्या ईसी-३ आणि ईसी-५ आल्या, अनुक्रमे साडेतीन आणि पाच मिलिमीटरच्या गोल पिनांच्या. यात पिन बाहेर झाळून मग निळ्या घरात दाबून बसवायची असते. उष्णता प्लास्टिकला लागत नाही, हा मोठा गुण. पण पिनेच्या अंगावर सोल्डरचा एक थेंब जरी ओघळला तर ती घरात जात नाही, आणि अर्धवट बसलेली पिन नेमकी हवेत मागे सरकते. आज सर्वत्र दिसते ती चिनी ॲमास कंपनीची एक्सटी मालिका: तीस, साठ, नव्वद. इथे छापील आकड्याची गंमत उघड होते. उत्पादकाच्याच माहितीपत्रकात एक्सटी-६० ला अखंड ३० आणि थोड्या वेळापुरते ६० अँपिअर, एक्सटी-९० ला अखंड ४५ आणि थोड्या वेळापुरते ९० दिलेले आहेत. नावातला आकडा हा कमाल आकडा आहे. तेव्हा ४५० च्या वर्गाला एक्सटी-६० भरपूर होतो, सहा सेलच्या पाचशेलाही बहुधा पुरतो, आणि सहाशेच्या पुढे एक्सटी-९० किंवा ईसी-५. याहून मोठ्या सहा-सात मिलिमीटर पिनांचे कनेक्टर शेतीच्या फवारणी ड्रोनसाठी रास्त आहेत, पण हेलिकॉप्टरच्या नाकाडात त्यांना जागा नसते. चिमुकल्या एक-दोन सेलच्या मॉडेलांना कारखान्यातून दाबून आलेले जेएसटी कनेक्टर असतात आणि त्यांच्यावर सोल्डर लावण्याचा मोह आवरलेलाच बरा.

ठिणगीचा मुद्दा बारा सेलच्या वर्गात येतो, त्याखाली फारसा नाही. पूर्ण चार्ज झालेले बारा सेल म्हणजे ५०.४ व्होल्ट. ईएससीच्या तोंडाशी रिकामे कपॅसिटर असतात. कनेक्टर टेकता क्षणी ते भरण्यासाठी शेकडो अँपिअरची धाव होते आणि ‘टक्’ असा आवाज होऊन पिनेच्या टोकावर काळा खड्डा पडतो. ठिणगीविरोधी एक्सटी-९० मध्ये तोंडाशी ५.६ ओहमचा एक रोध बसवलेला असतो. पहिल्या टेकण्यात प्रवाह त्यातून जातो, म्हणजे नऊ अँपिअरवर अडवला जातो, आणि पिन पूर्ण आत गेल्यावर तो रोध बाजूला पडतो. काहीजण म्हणतात, खड्डा टोकावर पडतो, संपर्क तर मागच्या भागात होतो, मग बिघडलं काय? कोरड्या हवेच्या गावी हा युक्तिवाद चालून जाईल. पण ते खरखरीत टोक दर वेळी समोरच्या नळीच्या सोनेरी मुलाम्यावरून घासत आत जातं. मुलामा खरवडला की खालचं निकेल, मग पितळ उघडं पडतं. आणि पितळ उघडं पडलं की आपण वास्कोत असल्याची आठवण होते.

पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, हे आपल्या स्वयंपाकघराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. धातूवर चढणाऱ्या त्या हिरवट थराला कळंक म्हणतात आणि कनेक्टरला होणारा रोग हाच आहे. मिठाचा एक गुणधर्म इथे निर्णायक ठरतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून स्वतः विरघळतं. समुद्रावरून आलेल्या वाऱ्याने पिनेवर बसलेला अदृश्य खार पावसाळ्यात म्हणूनच दिवसरात्र ओला असतो. घाटापलीकडे, सोलापूरच्या उन्हाळ्यात, तोच खार निरुपद्रवी भुकटी बनून पडून राहिला असता. त्यात बॅटरीच्या कनेक्टरची आणखी एक अडचण अशी, की त्याला ‘बंद’ ही अवस्थाच नाही. ईएससीच्या बाजूची पिन हेलिकॉप्टर उभं असताना निर्जीव असते, पण पॅकच्या पिनांवर कपाटातही वीस-पंचवीस व्होल्ट असतात. एक्सटी-६० मध्ये दोन पिनांच्या मध्यांत जेमतेम सात मिलिमीटर अंतर. मधे खाऱ्या ओलाव्याचा पापुद्रा असला की तिथे सूक्ष्म विद्युत-विघटन चालू होतं आणि धन बाजूची पिन आधी खाल्ली जाते. दोन पिनांपैकी एकच काळी-हिरवी का पडली, याचं कारण बहुधा एवढंच असतं. मग छापील नव्वद अँपिअरचा अर्थ काय उरतो? तो आकडा नव्या, कोरड्या, चकचकीत पिनेचा आहे. एका पावसाळ्यानंतरच्या पिनेबद्दल माहितीपत्रक गप्प आहे.

यावर उपाय महाग नाहीत. पॅकच्या कनेक्टरला रबरी टोपण, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, महिन्यातून एकदा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसणं. पिनेवर ग्रीस लावावं का, यावर मतभेद आहेत. माझ्या मते नखभराहूनही कमी, पुसून उरेल तेवढंच चालेल. कारण डिचोलीच्या खाणपट्ट्यातली किंवा पेडण्याच्या सड्यावरची लाल धूळ त्या ग्रीसवर बसली की ती पॉलिश पेपरचं काम करते. ज्या मुलाम्याच्या रक्षणासाठी ग्रीस लावलं, तोच आधी जातो.

मूळ काम आहे झाळण्याचं, आणि त्याचं सगळं शास्त्र कल्हईवाल्याच्या हातात होतं. तो भांडं तापवतो, नवसागर टाकतो, कथलाची कांडी तापलेल्या भांड्याला टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने पसरवतो. कथील वितळतं ते भांड्याच्या उष्णतेने. थंड भांड्यावर वितळलेलं कथील ओतणारा कल्हईवाला कुणी पाहिलेला नाही. नवशिका सोल्डरवाला मात्र नेमकं तेच करतो: आयर्नच्या बिटवर सोल्डरचा गोळा घेतो आणि थंड वायरीला चोपडतो. गोळा वरून चमकतो, आत तंतूंना चिकटलेला नसतो, आणि फ्लक्स तर बिटवरच धूर होऊन गेलेला असतो. हाच तो पाच मिलिओहमचा डाक. योग्य क्रम कल्हईचाच. वायरीचे उघडे तंतू एकत्र पिळून, बिट खालून टेकवून, सोल्डर वरून वायरीलाच लावायचं. वायर तापली की सोल्डर तंतूंमध्ये आपोआप ओढलं जातं. मग पिनेच्या वाटीला तशीच कल्हई करून वाटी सोल्डरने अर्ध्याच्या वर भरायची. आणि शेवटी वाटी तापलेली ठेवून कल्हई केलेली वायर तीत बुडवायची, थिजेपर्यंत हात हलवायचा नाही. वाटीचं तोंड वर राहील असं लाकडी ठोकळ्याच्या भोकात कनेक्टर उभा करावा आणि त्यात जोडीचा दुसरा कनेक्टर खोचून ठेवावा. प्लास्टिक मऊ झालं तरी पिना सरळ राहतात. (आणि हे सगळं करण्याआधी हीट श्रिंकची नळी वायरीत ओवलेली असावी. सुरेख डाक झाल्यावर टेबलावरची नळी दिसणं, हा या छंदातला सार्वत्रिक अनुभव आहे.) पॅकची वायर असेल तर दोन्ही वायरी कधीही एकदम कापू वा सोलू नयेत. एक बाजू पूर्ण झाळून, झाकून मगच दुसरीला हात घालावा. लिपो (लिथियम-पॉलिमर) पॅकच्या दोन टोकांचा एकमेकींना स्पर्श झाला तर सोल्डरिंग आयर्नची गरजच उरत नाही.

आयर्न किती वॅटचं, यावर एक उलटा समज घर करून आहे: प्लास्टिक जळू नये म्हणून कमी वॅटचं घ्यावं. प्रत्यक्षात बारा गेजची तांब्याची वायर उष्णता झपाट्याने वाहून नेते. २५ वॅटचं आयर्न, बारीक टोकाचं, तिला तापवायला अर्धं-पाऊण मिनिट घेतं आणि तेवढ्या वेळात उष्णता वायरीच्या आवरणापर्यंत आणि कनेक्टरच्या नायलॉनपर्यंत पोचलेली असते. ६० ते ८० वॅटचं, छिन्नीसारख्या रुंद बिटचं, ३५० ते ४०० अंशांवर राखलेलं आयर्न तेच काम तीन-चार सेकंदांत उरकतं आणि प्लास्टिकला कळायच्या आत बाजूला होतं. मोठं आयर्न घेणं हीच या कामातली खरी काटकसर आहे. कनेक्टरच्या एका पायरीवर वाचवलेले पैसे इथे घालावेत.

फ्लक्सबद्दल मात्र कल्हईवाल्याचं अनुकरण थांबवायला हवं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून निघणारं आम्ल धातूवरचा गंज खातं, आणि भांडं नंतर धुतलं जातं म्हणून ते चालतं. वायरीच्या सहाशे-सातशे केसासारख्या तंतूंच्या आत शिरलेला क्लोराइड धुता येत नाही. तो तिथे राहून ओलावा ओढतो आणि सिलिकॉनच्या आवरणाखाली तांबं आतल्या आत कळकत जातं. हार्डवेअरच्या दुकानात डबीत मिळणारी, पत्रेकामासाठीची झिंक क्लोराइडची पेस्ट याच कारणाने वर्ज्य. इथे राळच हवी, सोल्डरच्या गाभ्यात असते ती किंवा वेगळी. राळेचा उरलेला पिवळा थर अल्कोहोलने पुसून टाकला की काम पुरं.

आता आक्षेप. पहिला आणि वजनदार आक्षेप असा, की कंप असलेल्या यंत्रात झाळूच नये, दाबावं, म्हणजे क्रिंप करावं. दाबोळीवरून उडणाऱ्या खऱ्या हेलिकॉप्टरांसह सगळ्या विमानांच्या वायरिंगमध्ये पिना मुख्यतः दाबून बसवलेल्या असतात. कारणही पक्कं आहे. सोल्डर तंतूंमधून वर चढतं आणि जिथे थांबतं तिथे ताठ आणि लवचीक भागांची सीमा तयार होते. मिनिटाला २००० फेरे म्हणजे सेकंदाला तेहतीस हिसके, पाच मिनिटांच्या उड्डाणात दहा हजार. वायर तुटते ती बरोबर त्या सीमेवर. हा दोष मी नाकारत नाही. पण दाबण्याचं काम अवजारावर अवलंबून असतं. विमानाच्या कारखान्यात प्रत्येक पिनेसाठी ठरलेला साचा आणि ठराविक दाबाआधी न सुटणारी पक्कड असते. घरच्या पकडीने चेपलेली पिन कच्च्या डाकाहून वाईट, कारण ती बाहेरून छान दिसते. अँडरसनचे पॉवरपोल कनेक्टर दाबण्यासाठीच बनलेले आहेत, योग्य पक्कड असेल तर उत्तम आहेत, पण हेलिकॉप्टरसाठी बोजड पडतात. एक्सटी आणि ईसी यांच्या पिनांना तर झाळण्याचीच वाटी असते. तेव्हा इलाज असा, की सोल्डर आवरणाखाली चढू द्यायचं नाही, म्हणजे पुन्हा जलद आणि गरम आयर्न, आणि डाकामागची दोन-तीन सेंटिमीटर वायर हीट श्रिंकने व पट्टीने चौकटीला बांधून ठेवायची. मग तिला वाकायला जागाच राहत नाही. आणि ज्यांच्याकडे पक्कड आहे त्यांनी एक ध्यानात ठेवावं: दाबायच्या वायरीला आधी कल्हई करू नये. सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं आणि काही महिन्यांत पकड सैल होते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. पॅक ज्या कनेक्टरसह येतो तोच ठेवावा, उगाच कापाकापी कशाला, मधे एक ॲडॉप्टर लावला की झालं. ॲडॉप्टर म्हणजे काय ते मोजू: धन-ऋण मिळून दोन जास्तीचे संपर्क आणि चार जास्तीचे डाक, तेही कुणी, कशाने, किती घाईत केलेले ते ठाऊक नसलेले. चार्जरवर ॲडॉप्टर लावायला हरकत नाही. तिथे प्रवाह कमी असतो आणि बिघाड झाला तरी टेबलावर होतो. हवेत नेताना मात्र नको. गोव्यात अशा वस्तूंची दुकानं मोजकी, माल बहुधा पुण्या-मुंबईहून किंवा बंगळूरहून कुरिअरने येतो. त्यामुळे आपल्या सगळ्या पॅकांसाठी एकच जात ठरवून दहा जोड्या एकदम मागवणं आणि आलेल्या प्रत्येक पॅकचा कनेक्टर स्वतः बदलणं, हे अधिक स्वस्त पडतं. मागवताना नावाची खोदीव खूण पाहावी, नकला सर्रास मिळतात.

तिसरा आक्षेप शिशाचा. शिसं विषारी आहे आणि देशातल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी यादीतल्या उपकरणांत त्याचं प्रमाण ०.१ टक्क्यावर आणलं आहे, मग घरी ६३-३७ का वापरावं? प्रश्न रास्त आहे. बिनशिशाचं सोल्डर २१७ ते २२० अंशांना वितळतं आणि कनेक्टरचं नायलॉन २६०च्या आसपास. हाताने काम करणाऱ्याला मधली जागा फार अरुंद राहते आणि कच्च्या डाकांची संख्या वाढते. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. ते पोटात जातं ते न धुतलेल्या बोटांतून. खरा त्रासदायक धूर राळेचा असतो आणि त्याने दमा होऊ शकतो. खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेने, नंतर साबणाने हात, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम कधीही नाही. एवढं पाळणार नसलेल्याने बिनशिशाचं घ्यावं आणि सरावाला दुप्पट वेळ द्यावा.

आकड्यांनी सुरू झालेला वाद शेवटी आकड्यांनीच मिटतो आणि त्यासाठी लागणारी साधनं प्रत्येक छंदी माणसाकडे आधीच असतात. पॅक चार्जरवर १० अँपिअरला लावावा, पॅक तेवढा मोठा असेल तर. मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या टप्प्यावर ठेवून एक टोक डाकाअलीकडच्या वायरीवर आणि दुसरं जोडीच्या पिनेपलीकडच्या वायरीवर टेकवावं. दोन्ही टोकं एकाच ध्रुवाच्या वायरीवर, हे तीनदा पाहून. अर्धा मिलिओहम म्हणजे ५ मिलिव्होल्ट. वायरीचे दोन इंच धरून आठ-दहा आले तर उत्तम. चाळीस-पन्नास आले तर डाक उघडून पुन्हा करायचा, मग तो कितीही चमकत असो. चमक हा पुरावा नव्हे. हे माप पॅकवर चिकटवलेल्या कागदावर तारखेसह लिहून ठेवलं आणि पावसाळ्याआधी व नंतर पुन्हा घेतलं, तर खारा वारा आपल्या पिनांचं काय करतो याचा हिशेब आपोआप तयार होतो. बाजारातली कुठलीही छापील तुलना याची जागा घेऊ शकत नाही, कारण ती आपल्या हवेत केलेली नसते.

मुरगावकरांना ही खबरदारी घरीच घ्यावी लागण्याला आणखी एक कारण आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, त्याहून जवळ परवानगी हवी. दाबोळी तर नागरी विमानतळाबरोबर नौदलाचा तळही आहे, म्हणजे तालुक्यात उडवण्याचा प्रश्न जवळपास मिटलाच. ५ जानेवारी २०२३ पासून मोप्याच्या विमानतळावरून विमानं उडू लागली आणि पेडण्याचा तो सडाही गेला. राहिला डिचोलीकडचा अंतर्भाग, दोन्ही विमानतळांपासून त्यातल्या त्यात लांब. पण तिथेही सरकारी हवाई नकाशा पाहूनच जावं. वास्कोहून पन्नासेक किलोमीटर गाडी हाकून गेल्यावर सड्यावर ना विजेचा प्लग, ना वाऱ्यात तापणारं आयर्न. तिथे सुटलेला डाक म्हणजे परतीचा रस्ता. योगायोग असा, की त्याच डिचोलीत या कौशल्याला आता बाजारभाव आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० हेक्टर वा त्याहून मोठ्या किंवा वर्षाला दहा लाख टनांच्या उत्खननाच्या खाणपट्ट्यांना दरवर्षी ड्रोनने केलेलं सर्वेक्षण द्यावं लागतं, आणि त्या ड्रोनच्या बॅटऱ्यांनाही कनेक्टरच असतात. डिचोली, पेडणे आणि वास्कोच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या मुलांना सोल्डर शिकवलं जातंच. जाड वायर आणि मिलिव्होल्टची ही चाचणी त्यात घालायला एक दुपार पुरेल, आणि ती घालावी.

तोवर, उड्डाण संपवून हेलिकॉप्टर जमिनीवर टेकलं, पाती थांबली आणि कनेक्टर काढला, की लगेच अंगठा आणि तर्जनी पॅकच्या दोन्ही पिनांमागच्या नळ्यांवर आळीपाळीने ठेवून पाहा. दोन्ही सारख्याच कोमट असतील तर पुढचा पॅक लावा. एक दुसरीपेक्षा गरम असेल, किंवा बोट ठेववत नसेल, तर तो पॅक त्या दिवशी पुन्हा उडवू नका.